स्वभावाला औषध

माणसांविषयी निकाल देणाऱ्या म्हणी मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक कठोर आहेत. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. कोणाचा मुलगा पुन्हा जुगाराच्या अड्ड्यावर दिसला, तुरुंगातून सुटून आलेला कोणी वर्षाच्या आत परत आत गेला, की ओट्यावर बसलेल्यांपैकी एकजण यांतली एखादी म्हण उच्चारतो आणि बाकीचे मान डोलावतात. त्यानंतर त्या माणसासाठी काही करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. म्हणीपाशी विचार संपतो, आणि तो तिथे संपणे बोलणाऱ्याला सोयीचे असते.

पण याच भाषेने आणखी एक म्हण आपल्या हाती दिली आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. पहिल्या म्हणी सांगतात की स्वभाव कशानेही बदलत नाही. ही सांगते की नुसते शेजारी बांधले तरी बदलतो. दोन्ही एकदम खऱ्या कशा असतील? गंमत अशी की व्यवहारात आपल्याला हा विरोध कधी जाणवत नाही, कारण आपण त्यांची वाटणी करून ठेवली आहे. माणूस बिघडला की संगतीची म्हण, आणि तो सुधारण्याचा प्रश्न निघाला की शेपटाची म्हण. बिघडताना स्वभाव मेणासारखा मऊ, सुधारताना मात्र दगडासारखा. ही वाटणी न्याय्य आहे का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून याचे उत्तर काढण्याची माझी पात्रता नाही. मी जरा आडवाटेने जाणार आहे. 'स्वभाव जाणे' हे शब्द एका शास्त्रात अगदी शब्दशः वापरले जातात. तिथे त्यांचा अर्थ काय निघतो ते पाहावे आणि मग माणसाकडे परत यावे, असा माझा बेत आहे. ते शास्त्र म्हणजे प्रथिनांचे रसायन.

प्रथिन ही एक माळ असते. वीस तऱ्हेचे मणी, त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात, एकापुढे एक ओवलेले असतात. कोणत्या मण्यानंतर कोणता मणी, हा क्रम प्रत्येक प्रथिनाचा ठरलेला असतो. पण नुसती लांब सुटलेली माळ काही कामाची नसते. ती स्वतःभोवती वळून, दुमडून एका विशिष्ट घडीत बसली म्हणजेच तिला गुण येतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, पोटातले पेप्सिन अन्न पचवते, ते त्या घडीच्या बळावर. आपल्या म्हणीतलेच शब्द घ्यायचे तर मण्यांचा क्रम हे प्रथिनाचे वाण, आणि घडी हा त्याचा गुण.

या माळेला ऊब लागली की काय होते ते प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. साठ अंशांच्या पुढे उष्णता गेली की अंड्यातला पारदर्शक बलक पांढरा आणि घट्ट होऊ लागतो. नुकत्या व्यालेल्या गाईचा चीक वाफेवर ठेवला की खरवस जमतो. इंग्रजीत या बदलाला 'डीनेचरेशन' म्हणतात, म्हणजे स्वभाव हिरावला जाणे. स्वभाव जातो म्हणजे नेमके काय जाते, याचे नीट उत्तर पहिल्यांदा १९३१ साली पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या वू श्येन या चिनी शास्त्रज्ञाने मांडले. त्याचे म्हणणे असे, की माळ तुटत नाही, मणी बदलत नाहीत. फक्त ती ज्या आटोपशीर घडीत बसली होती ती घडी विस्कटते. पुढे हे म्हणणे खरे ठरले. उकडलेल्या अंड्यातल्या माळेचे वाण कच्च्या अंड्यातल्यासारखेच असते. गुण तेवढा गेलेला असतो.

मग साहजिकच पुढचा प्रश्न येतो. गेलेला गुण परत येतो का?

या प्रश्नावरचा सर्वांत सुंदर प्रयोग अमेरिकेत ख्रिश्चन आन्फिन्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास पुरा केला. बैलाच्या स्वादुपिंडातून मिळणारे रायबोन्यूक्लिएज नावाचे एक प्रथिन त्यांनी घेतले. १२४ मण्यांची ही माळ. तिच्यात आठ मणी असे, की ते गंधकाच्या गाठींनी दोन-दोन जोडले जातात आणि घडी पक्की करतात. अशा चार गाठी. आन्फिन्सनने युरियाच्या तीव्र द्रावणात ही घडी सोडवली आणि दुसऱ्या एका रसायनाने गाठीही सोडल्या. प्रथिनाचा गुण संपला. मग त्याने दोन्ही रसायने हळूहळू काढून घेतली आणि द्रावण हवेत राहू दिले. सैल पडलेली माळ आपणहून वळली, दुमडली, तिच्या त्याच चार गाठी पुन्हा बसल्या आणि गेलेला गुण जवळजवळ पूर्ण परत आला. तिला कोणी घडी शिकवली नव्हती. ती घडी मण्यांच्या क्रमातच होती. या कामासाठी त्याला १९७२ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

या प्रयोगाचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही, पण मला तो अधिक मोलाचा वाटतो. आन्फिन्सनने रसायने काढण्याचा क्रम बदलला. युरिया तसाच ठेवला, आणि माळ अजून विस्कटलेली असतानाच तिला गाठी बांधू दिल्या. आठ मण्यांच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात आणि त्यांतली एकच बरोबर असते. भलत्या स्थितीत बांधलेल्या गाठी भलत्याच लागल्या. नंतर युरिया काढला, तरी प्रथिनाला एखादा टक्काच गुण आला. परिस्थिती सुधारली होती, पण अडचणीच्या काळात मारलेल्या गाठी आता सुटू देत नव्हत्या. तेव्हा आन्फिन्सनने त्या द्रावणात गाठी सोडवणाऱ्या रसायनाचा अगदी लेशमात्र अंश घातला. मोठ्या मात्रेत ज्याने घडी मोडायला हातभार लावला होता, त्याच रसायनाचा हा लेश होता. चुकीच्या गाठी सुटत गेल्या, पुन्हा बांधल्या गेल्या, पुन्हा सुटल्या, आणि सुमारे दहा तासांत मूळची घडी परत आली.

माणसाचे याहून वेगळे काय असते? वाईट दिवस आले की नुसता तोल जाऊन भागत नाही. त्या दिवसांत तग धरण्यासाठी माणूस काही गाठी मारून घेतो: दारूशी, कर्जाशी, खोटेपणाशी, कोणाविषयीच्या आकसाशी. दिवस पालटतात, गाठी राहतात. आणि लोक म्हणतात, आता सगळे नीट झाले, तरी हा सुधारत नाही, म्हणजे हा मुळातच असा.

'मुळातच असा' या शब्दांचे एक उदाहरण मी जवळून पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले साचेखात्यात वीस वर्षे काढलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे होते. शब्द मोजून बोलणारे, चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. संप विरला, पण गिरणीने त्यांना परत घेतले नाही. एका खोलीत सात माणसे, मिळवते कोणीच नाही, आणि शेजारच्या प्रत्येक खोलीत तीच कथा. ते दारू पिऊ लागले आणि पुढे पुढे बायकोवर हात टाकू लागले. चाळीतल्या माणसांनी निदान केले: मुळातच तसा होता, पगार होता तोवर झाकलेले होते. वीस वर्षांचा पखवाज खोटा आणि दोन वर्षांची दारू खरी, असा हा हिशेब होता.

प्रथिनांच्या शास्त्रात या हिशेबाला आधार नाही. तिथे असे दिसते, की आन्फिन्सनच्या भांड्यातले प्रथिन सावरते आणि उकडलेले अंडे सावरत नाही, याचे कारण मण्यांत नसून गर्दीत असते. पाण्याला विटलेले मणी एरवी घडीच्या पोटात दडलेले असतात. घडी सुटली की ते उघडे पडतात आणि आडोसा शोधू लागतात. द्रावण विरळ असेल तर माळेला स्वतःतच वळून तो आडोसा सापडतो. पण अंड्याच्या बलकात दहावा हिस्सा प्रथिनच असते. तिथे एकीचा उघडा भाग दुसरीच्या उघड्या भागाला चिकटतो, दुसरीचा तिसरीला, आणि सगळ्यांचे मिळून एक जाळे होते. मग थंड केले तरी कोणाला हलता येत नाही. एकेकटी असती तर सावरली असती अशी माळ एकमेकींच्या गुंत्यात कायमची अडकते. त्या चाळीत मला हेच दिसले होते.

आणि उकडलेले अंडे तरी अगदी हाताबाहेर गेलेले असते का? २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी मिळून नव्वद अंशांवर वीस मिनिटे उकडलेला अंड्याचा बलक घेतला, युरियाने तो विरघळवला आणि एका वेगाने फिरणाऱ्या नळीत घालून त्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाची घडी परत मिळवली. अख्खे अंडे कच्चे झाले नाही, त्यातून पिल्लू निघणार नव्हतेच. पण जे आपण अशक्य या शब्दाचे उदाहरण म्हणून देत आलो, त्याचा एक भाग शक्य निघाला. अशक्य म्हणताना आपण पुष्कळदा एवढेच सांगत असतो, की गुंता सोडवण्याइतके श्रम आजवर कोणी घेतलेले नाहीत.

कोणी म्हणेल, इथपर्यंत तुम्ही चांगले वाण गृहीत धरले. वाणच बिघडलेले असेल तर? असेही उदाहरण आहे. हिमोग्लोबिनातल्या १४६ मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की सिकलसेल हा आजार होतो. १९४९ साली लायनस पॉलिंगने हा आजार हिमोग्लोबिनाच्या रेणूत असल्याचे दाखवले, आणि १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमने तो एक बदललेला मणी शोधून काढला. आपल्याकडे विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात अनेक कुटुंबे या आजाराचे दुःख सोसतात. औषधोपचाराइतकाच त्यांना 'यांच्या रक्तातच खोट' हा शब्द सोसावा लागतो, आणि मुलीचे लग्न ठरवताना तो फार बोचतो. पण इथेही शास्त्र काय सांगते? तो बदललेला मणी असलेले हिमोग्लोबिनसुद्धा प्राणवायू भरपूर असतो तोवर बहुतांशी सुटे राहते. प्राणवायू सोडल्यावर मात्र त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते. ज्याला हा दोष आई-बाप दोघांकडून न येता एकाकडूनच आला, तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. एवढेच नव्हे, तर हिवतापाच्या प्रदेशात तो इतरांपेक्षा सुरक्षित असतो, हे १९५४ साली ॲलिसनने दाखवले. म्हणजे वाणात फरक असला तरी निकाल वाण एकटे देत नाही. हवा, संगत, प्रदेश हे सगळे त्या निकालात सामील असतात.

माणसांच्या बाबतीत मात्र एका सरकारने नुसत्या वाणावर निकाल दिला होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो सर्व देशाला लागू केला. पारधी, कैकाडी अशा जमातींत जन्माला आलेले मूल पहिला श्वास घेतानाच गुन्हेगार ठरले. पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर परवानगी. सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. कायदा १९५२ साली रद्द झाला, त्या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले, पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालांकडे वळणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. 'स्वभावाला औषध नाही' ही ओट्यावरची म्हण राज्यकर्त्यांच्या हाती गेली की तिचे काय होते, ते या ऐंशी वर्षांत दिसते. माणसांना जाणूनबुजून दाटीत कोंडायचे, उजळ मार्गाने पोट भरण्याची वाट बंद करायची, आणि मग ती एकमेकांना धरून राहतात, चोरी करतात, हा त्यांच्या रक्ताचा पुरावा म्हणून दाखवायचा.

आता ढवळ्या-पवळ्याची म्हण. तीही प्रथिनांत सापडते, आणि भीती वाटावी इतकी तंतोतंत सापडते. मेंढ्यांना स्क्रेपी नावाचा मेंदूचा एक आजार होतो. त्याचे कारण जंतू नसून एक प्रथिन आहे, असे १९८२ साली स्टॅन्ली प्रुसिनरने मांडले आणि त्याला 'प्रिऑन' हे नाव दिले. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. १९९७ साली त्याला नोबेल मिळाले. हे प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूतही असते आणि निरुपद्रवी असते. पण त्याची एक दुसरी, वाईट घडी आहे. त्या वाईट घडीतला रेणू चांगल्या घडीतल्या रेणूला भिडला की चांगलाही तीच घडी घेतो, तो तिसऱ्याला बिघडवतो, आणि मेंदूची चाळण होते. मण्यांचा क्रम दोहोंत सारखाच. वाण नाही, पण गुण लागला.

म्हणजे सुरुवातीला मी ज्या वाटणीवर आक्षेप घेतला, तिच्यात थोडे तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. बिघडायला नुसता स्पर्श पुरतो. चांगल्या घडीतल्या रेणूने नुसते शेजारी राहून प्रिऑनला सुधारले, असे मात्र घडत नाही. चांगली संगत आपोआप लागत नाही, तिला श्रम करावे लागतात. पण यावरून 'औषध नाही' असे निघत नाही. औषध फुकट नाही, एवढेच निघते.

ते औषध पेशीने फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. १९६२ साली फेरुच्चो रितोसा हा इटालियन शास्त्रज्ञ फळमाश्यांच्या पेशी पाहत होता. उबवणीच्या कपाटाचे तापमान चुकून वाढले होते, आणि त्या उकाड्यात पेशींच्या रंगसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे आले होते. पुढे कळले, की उष्णता वाढली की पेशी घाईघाईने काही खास प्रथिने तयार करते, आणि त्यांतल्या पुष्कळांचे काम दुसऱ्या प्रथिनांची घडी सांभाळणे हे असते. इंग्रजीत त्यांना 'शॅपरॉन' म्हणतात. तरुण मुलीबरोबर सोबतीला जाणाऱ्या वडीलधाऱ्या बाईला हा शब्द होता. १९७८ साली रॉन लास्कीने तो प्रथिनाला लावला आणि १९८७ साली जॉन एलिसने त्याचा अर्थ रुंद केला. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायला नको. नव्या नवरीबरोबर चार दिवस सासरी जाऊन राहते आणि ती रुळली की परत येते, तिला आपण पाठराखीण म्हणतो.

या पाठराखिणींपैकी एकीची रचना मोठी विलक्षण आहे. सात-सात भागांची दोन कडी एकावर एक ठेवून झालेला तो एक पोकळ रांजण असतो, वर झाकण. विस्कटलेली एक माळ आत घेतली जाते, झाकण लागते, आणि सुमारे दहा सेकंद ती आत एकटी असते. कोणी तिला चिकटत नाही, ती कोणाला चिकटत नाही. मग झाकण उघडते. घडी बसली असेल तर ठीक, नसेल तर पुन्हा आत. प्रत्येक फेरीला पेशी आपल्याजवळची शक्ती खर्च करते. आणि मुख्य गोष्ट ही, की त्या रांजणाला कोणत्याच माळेची बरोबर घडी ठाऊक नसते. तो साचा नव्हे. एकाच रांजणात कितीतरी वेगवेगळ्या माळा येऊन आपापल्या घडीत बसून जातात. तो देतो ते तिन्ही साधे आहे: आडोसा, थोडा अवधी, आणि न कंटाळता पुन्हा एक संधी.

मदत म्हणजे काय, याविषयी मी वाचलेल्या पुष्कळ उपदेशांपेक्षा हा रांजण मला अधिक शिकवतो. आपण कोणाला सुधारायला निघतो तेव्हा बहुधा साचा घेऊन निघतो. आपल्यासारखा झाला की सुधारला, असे आपले माप असते. त्या गिरणी कामगाराला त्याच्या धाकट्या बहिणीने सातारकडच्या आपल्या गावी नेले. तिने त्याला शपथ घातली नाही, देवापुढे उभे केले नाही. दोन म्हशी त्याच्या हवाली केल्या आणि तो दोनदा पिऊन आला तेव्हा जेवण झाकून ठेवले. पखवाजाला हात लावायला त्याला दोन वर्षे लागली.

आपल्या महाराष्ट्रात हे सार्वजनिक पातळीवरही घडले आहे. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनियराच्या प्रेरणेने, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली तुरुंगवसाहत वसवली. कैद्यांनी आपल्या कुटुंबासह राहावे, शेती करावी. संस्थाने गेली तरी ती वसाहत चालू राहिली. गदिमांच्या कथेवर शांतारामबापूंनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला, त्याची प्रेरणा हीच. खुन्यांना मोकळ्या माळावर सोडण्यातले धैर्य आपण त्या चित्रपटात पाहिले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की त्यांना एकमेकांच्या गुंत्यातून बाहेर काढून पायाखाली जमीन देण्यात आली. तुरुंगाची भिंत नेमके उलटे करते. ती विस्कटलेल्यांना विस्कटलेल्यांत दाटीने भरते.

इथपर्यंत आल्यावर मला माझ्याच उपमेला लगाम घातला पाहिजे. कारण पेशी काही क्षमाशील नाही. पाठराखिणीने वारंवार प्रयत्न करूनही जी माळ घडीत बसत नाही, तिच्यावर पेशी युबिक्विटिन नावाच्या एका लहान प्रथिनाची मोहर मारते आणि तिचे तुकडे करते. त्या शोधाला २००४ सालचे नोबेल आहे. उपमा शेवटपर्यंत ओढायची तर समाजानेही मोहर मारावी असे निघेल, आणि तसे म्हणणारे निघालेही. १९३३ साली जर्मनीत आनुवंशिक दोष असलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला तो याच वाटेने, आणि ती वाट कुठे पोहोचली ते जगाने पाहिले. पेशीत प्रथिन हे पेशीसाठी असते. समाजात माणूस समाजासाठी नसतो. समाज माणसांसाठी असतो. म्हणून पेशीची काळजी घेण्याची रीत आपण उचलावी. तिची मोहर उचलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा लगाम अधिक अवघड आहे. रेणू विस्कटला तर तो कोणाचा गुन्हेगार नसतो. माणूस विस्कटतो तेव्हा कोणाच्या तरी अंगावर वळ उठतात. त्या कामगाराची बायको मुलाकडे मुंबईतच राहिली, ती गावी आली नाही. नवरा सावरला हे तिला कळले होते. लोकांनी तिला समजावण्याचा प्रयत्न केला, आणि तो मला अनुचित वाटला. एकाचा स्वभाव परत आला म्हणून दुसरीचे सोसणे फिटत नाही. पाठराखीण होण्याचे काम ज्याच्यावर आघात झाला त्याच्याकडून मागणे हा दुसरा आघात आहे. ते काम इतरांचे आहे: बहिणीचे, गावाचे, कायद्याचे, ओट्यावर बसलेल्यांचे.

आणि काही बदल खरोखरच परतत नाहीत. आपल्या डोळ्यातल्या भिंगाच्या गाभ्याची प्रथिने आपण जन्मण्यापूर्वी तयार होतात आणि मरेपर्यंत बदलली जात नाहीत. त्यांच्या मण्यांपैकी काही काळाच्या ओघात उलट्या वळणाचे होतात, उजव्या हाताचा डावा हात व्हावा तसे. ही घडी मोडणे नव्हे. इथे मणीच बदलतो. त्यावर पाठराखिणीचा इलाज चालत नाही. दातांतही हेच होते, आणि त्या मण्यांच्या प्रमाणावरून शास्त्रज्ञ माणसाचे वय काढतात. तेव्हा गेलेले सगळे परत येते, असे मला म्हणायचे नाही. पण कोणते परत येणारे आणि कोणते न येणारे, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. उकडलेले अंडे पाहून कोणाला वाटले असते की त्यातले काही परत येईल? ते प्रयत्न केल्यावर कळले. म्हणून माझा आक्षेप 'औषध नाही' या उत्तरावर नाही, औषध देऊन पाहण्याआधी ते उच्चारण्यावर आहे.

आमच्या म्हणी टाकून द्याव्यात असेही मला वाटत नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण तिरस्काराने उच्चारतो. जळून गेला तरी याचा ताठा गेला नाही, असा तिचा रोख असतो. पण आन्फिन्सनच्या भांड्यात जे टिकले तेही एका अर्थी पीळच होते. युरियाने घडी गेली, गाठी गेल्या, गुण गेला. मण्यांचा क्रम मात्र गेला नाही, आणि पुढे जे परत आले ते त्यातूनच आले. कोणाविषयी यापुढे ही म्हण ऐकली, की ज्याच्याविषयी ती म्हटली जात आहे त्याच्यापाशी अजून काय शाबूत आहे, एवढे विचारून पाहावे. वीस वर्षे वाजवलेला पखवाज कुठेतरी असतो.